वेगळी चूल

एकत्र घरातून कोणी वेगळी चूल मांडू लागला, की भांडण हिशेबाचे की मानाचे, हे सांगणे कठीण. ब्रिटनचे तसेच झाले. १९७३ साली ते युरोपीय समूहात शिरले. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. २३ जून २०१६ रोजी मात्र ५२ टक्के मते निघण्याकडे गेली. एक पक्ष म्हणे, आमचे कायदे आमचेच पार्लमेंट करील. दुसरा म्हणे, शेजारची बाजारपेठ का गमवावी? मी शाळामास्तर, ५२ हे ४८ हून मोठे, हे गणित मला मान्य. पण ब्रिटनमधल्याच स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता. त्यालाही ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडावे लागले. तेथे ब्रिटनपासूनच वेगळे होण्याची मागणी पुन्हा उठली. चुलीचा वाद असा घरात आला.