डेटा गेटवेचे स्थलांतर आणि क्लस्टरची व्यवस्था

संस्थेच्या आवारातील सर्व्हरवरचा डेटा पॉवर बीआय, पॉवर ऑटोमेट यांसारख्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवांपर्यंत पोहोचवणारा दुवा म्हणजे ‘ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे’. विंडोज संगणकावर चालणारा हा प्रोग्राम स्वतःहून बाहेरच्या दिशेने संपर्क साधतो. त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारा मार्ग उघडावा लागत नाही. मात्र तो एकच संगणक बंद पडला, की त्यावर विसंबलेले अहवाल जुन्याच आकड्यांवर थांबतात.

यावर उपाय म्हणून अनेक गेटवे एका क्लस्टरमध्ये जोडले जातात. ही सोय वैयक्तिक प्रकारच्या गेटवेला नाही. एका संगणकावर एकच प्रमाण गेटवे बसत असल्याने प्रत्येक सदस्यासाठी स्वतंत्र यंत्र लागते. एरवी सर्व विनंत्या प्राथमिक गेटवेकडे जातात आणि तो अनुपलब्ध असल्यासच दुसऱ्याकडे वळतात; भार विभागायचा असल्यास तसा पर्याय निवडावा लागतो. दोन्ही सदस्य एकाच सर्व्हरवरील आभासी यंत्रे असतील, तर मात्र हे क्लस्टर नावापुरतेच म्हणावे लागेल.

स्थलांतराचा खरा प्रश्न रिकव्हरी कीचा आहे. गेटवे प्रथम बसवताना ठरवलेली ही गुप्त कळ नवा सदस्य जोडण्यासाठी, तसेच जुना गेटवे नव्या यंत्रावर आणण्यासाठी अनिवार्य असते. ती हरवल्यास मायक्रोसॉफ्टलाही परत मिळवून देता येत नाही. मग नवा गेटवे उभारून प्रत्येक डेटास्रोत आणि त्याचे पासवर्ड पुन्हा भरावे लागतात, कारण साठवलेले पासवर्ड वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येत नाहीत. शिवाय अन्य सदस्य असेपर्यंत प्राथमिक गेटवे क्लस्टरमधून वगळता येत नाही. त्याची जागा नव्या यंत्राला द्यायची, तर रिकव्हरी की वापरून ताबा घ्यावा लागतो.

पॉवरशेलच्या सातव्या आवृत्तीपासून चालणाऱ्या ‘डेटागेटवे’ मोड्यूलने गेटवे बसवणे, क्लस्टर तयार करणे आणि सदस्य जोडणे ही कामे स्वयंचलित करता येतात. ओरॅकलसारख्या डेटाबेसचे ड्रायव्हर मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळे बसवावे लागतात. ते एखाद्या सदस्यावर राहून गेले, तर दोष फक्त विनंती तिकडे वळल्यावरच दिसतो आणि शोधणाऱ्याचा घाम काढतो.

नव्या आवृत्त्या साधारण दरमहा येतात. अधिकृत साहाय्य शेवटच्या सहा आवृत्त्यांनाच मिळते. अद्ययावत करताना एक सदस्य निष्क्रिय करून चालू कामे संपू द्यावीत, नवी आवृत्ती बसवून त्यास पुन्हा सक्रिय करावे आणि मगच पुढचा सदस्य हाती घ्यावा.