क्वारंटाईन : चाळीस दिवसांचा शब्द

२०२० साली तेलंगणातून मिरची तोडून परतलेल्या मजुरांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, तेव्हा एक शब्द आपल्या पोंभुर्ण्याकडच्या गावांत घरोघरी पोचला. 'त्याला क्वारंटाईन केलं.' सरकारी कागदावर 'विलगीकरण'. हा शब्द आला कुठून?

इटलीच्या बोलीत 'क्वारंता' म्हणजे चाळीस. सहाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीनं तिकडच्या बंदरांत आलेली जहाजं दूर थांबवत. रागुसा शहरानं १३७७ मध्ये तीस दिवसांचा नियम केला, पुढे चाळीस झाले. चाळीस दिवसांचं ते नाव इंग्रजीत गेलं आणि नंतर त्याचं क्रियापद झालं. अर्थ एवढाच, की रोग असेल अशी शंका असलेल्याला ठरावीक दिवस वेगळं ठेवणं. दिवस भरले की मोकळं.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, तेही जवळपास चाळीसच दिवस. पण तिला वेळेवर गरम जेवण मिळतं, शेक मिळतो.

वेगळं ठेवण्याच्या दोन तऱ्हा १८९७ मध्ये पुण्यानं पाहिल्या. प्लेगसाठी नेमलेल्या रँड साहेबाचे गोरे शिपाई घरात घुसून झडती घेत, माणसांना छावणीत नेत. लोक इतके चिडले, की २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना काढला. रोगी तिथंही वेगळेच होते, पण सावित्रीबाई त्यांना स्वतः आणत. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेतलं. १० मार्चला प्लेगनंच त्या गेल्या.

म्हणून आम्ही म्हणतो, वेगळं ठेवणं वाईट नाही. कशासाठी, किती दिवस आणि काळजी कोण घेणार, हे विचारायला हवं. गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडे पाळीच्या दिवसांत बाया कुर्माघरात राहतात. पाळी हा रोग नाही, ती कुणाला लागत नाही. रात्री तिथं साप निघाला, अंगावरून जास्त गेलं, तर जवळ कोण असतं? त्या वेगळेपणातून कुणाचं रक्षण होतं?

येत्या बैठकीत आपल्या गटात हे तीन प्रश्न मांडा. घरात पाळीच्या वेळी बाजूला बसवलेल्या पोरीपासून सुरुवात करा.