नकाशावरील तुटक रेघ

फाल्गुन शुद्ध पंचमीस फातर्पे येथील श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवीची स्वारी आपल्या मूळ गावी, म्हणजे कुंकळ्ळीस, जावयास निघते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, ढोलताशांचा गजर आणि गुलालाने लाल झालेला जनसमुदाय हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्याचे वर्णन सांगणे नको. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळांचा उच्छेद झाला तेव्हा ही देवी तत्कालीन पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्प्यास नेण्यात आली. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांस ठार केले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून या गावकऱ्यांच्या नायकांचा वध करण्यात आला. हा इतिहास आता सर्वश्रुत झाला आहे व त्याची स्मारकेही उभी राहिली आहेत.

आमचे लक्ष मात्र छत्र्यांपेक्षा छत्र्यांखालच्या भूमीकडे अधिक जाते. छत्री ही एकट्याने वईच्या कडेकडेने नेता येईल अशी वस्तू नव्हे. उंच दांडीचे छत्र, ते पेलणारा वांगडी आणि दोहों बाजूंस लोटलेली माणसे, एवढ्यांस वाट मोकळी असावी लागते. वर फांदी चालत नाही, बाजूस काटा चालत नाही. म्हणजे पंचमी येण्यापूर्वी कोणी तरी त्या वाटेवर नजर टाकून येणे प्राप्तच असते. देवी वर्षातून एकदा जाते म्हणून वाट राहते, आणि वाट राहते म्हणून देवीस जाता येते. या दोहोंत आधी कोणते, हे सांगणे कठीण आहे. आपल्या प्रांतातील बहुतेक पायवाटांचे आयुष्य याच जातीचे होते व आहे, आणि त्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असा आमचा विचार आहे.

पायवाट ही गावातील सर्वांत जुनी सार्वजनिक वास्तू होय. देऊळ पाडले गेले, पुन्हा बांधले गेले, वाडे पडले, पण झऱ्याकडे, स्मशानाकडे, देवराईकडे आणि शेजारच्या गावाकडे जाणारी वाट तीच राहिली. तथापि तिच्यावर शिलालेख नसतो, तिचा ताम्रपट नसतो, म्हणून इतिहासकारांचे तिच्याकडे दुर्लक्ष झाले. गोव्यातील गावकरी संस्थेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावकऱ्यांच्या रूढी एकोणपन्नास कलमांत लिहून घेतल्या. तो लेख ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. या संस्थेचा कणा एका साध्या व्यवहारात होता: गावच्या समाईक जमिनीचे उत्पन्न येई, त्यातून सरकारदेणे, देवस्थानचा खर्च, गावसेवकांचे वेतन आणि बांधबंदिस्ती आधी भागविली जाई, आणि मग उरले ते गावकऱ्यांत वाटले जाई. आधी खर्च, मग वाटणी. खाजणातील बांध फुटला तर खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरावयाचे. म्हणून त्याची डागडुजी कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती.

आता खाजणाचा बांध पाहिलेल्यांस ठाऊकच आहे की तो केवळ पाण्यास अडवीत नाही. माणसे त्यावरूनच चालतात. पावसाळ्यात सारे शिवार पाण्याखाली असताना एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जावयाचे, मानशीवर जाळे लावावयास जावयाचे, सप्ताहास किंवा आरतीस देवळात पोचावयाचे, तर बांधाचा माथा हीच वाट. त्यामुळे बांध राखला की वाट आपोआप राखली गेली. तिच्यासाठी वेगळी तजवीज करण्याचे कोणास कारण पडले नाही. आमच्या मते या व्यवस्थेचे बळ यातच होते, आणि तिचा दुबळेपणाही. वाटेचा खर्च दुसऱ्या कशाच्या तरी पोटात दडलेला होता. भातशेती ओसरली, बांधाकडे पाहणारे हात शहरास गेले, तेव्हा बांधाबरोबर वाटही गेली, आणि ती गेली हे कोणाच्या जमाखर्चात दिसले नाही.

घाटमाथ्यावर, बेळगावच्या बाजूस, गोष्ट निराळ्या रीतीने घडली. तेथे वाट कागदावर आली. १८४० नंतरच्या दशकात विंगेट यांच्या देखरेखीखाली दक्षिण मराठा मुलखाची पैमाश सुरू झाली; १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील पैमाशीचे नियम स्थिर झाले. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे रुपयाप्रमाणे सोळा आणे पाडलेले. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब आपण आजही करतो तो त्या साखळीमुळे. या मोजणीवरून जे गावनकाशे तयार झाले त्यांत गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखविली, व तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली. पायवाट एका तुटक रेघेने दाखविली, व तिची रुंदी सव्वाआठ फूट धरली. सव्वाआठ फूट म्हणजे साखळीचे चार आणे, बरोबर पाव साखळी. गंमत अशी की या रुंदीने एक मैल चालले तर जी जमीन पायाखालून जाते ती नेमकी एक एकर भरते. जिज्ञासूंनी गुणाकार करून पाहावा.

हा एकर कोणाचा? शेतकऱ्याचा खासा नव्हे. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा या सरकारच्या मालकीच्या होत, असे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने स्पष्ट केले. त्यावरून जाण्यायेण्याचे लोकांचे हक्क मात्र राखून ठेवले. जेथे वाट एखाद्या नंबरातून जाते तेथे तेवढे क्षेत्र पोटखराबात, आणि त्यातही ‘ब’ वर्गात, दाखविण्याचा प्रघात पडला. ‘अ’ वर्ग म्हणजे खडक, कातळ व तत्सम नापीक जागा. ‘ब’ वर्ग म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, मान्य पायवाट, दुसऱ्यांच्याही वापरातील ओढा, इत्यादी. या क्षेत्रावर आकार बसत नाही. वाट देणारा खातेदार म्हणजे काही दाता नव्हे. त्याच्या आज्याच्या काळापासून तेवढ्या गुंठ्यांचा सारा त्याला माफ आहे. वाटेच्या भांडणात ही बाब जितकी वेळा पुढे यावयास हवी तितकी येत नाही, असे आम्हास वाटते.

खुद्द इंग्लंडात पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन १९४९ च्या कायद्याने आले. आपल्याकडे साहेबाच्या मोजणीदाराने ते काम त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे केले होते. पण तेथे नकाशाबरोबर वाट चालती ठेवण्याची जबाबदारीही स्थानिक अधिकाऱ्यांवर टाकलेली होती. आपल्याकडे रेघ आली, मालकी सरकारकडे गेली, आणि कोयता कोणी धरावयाचा ते लिहावयाचे राहिले. गावकीने आजवर केले तेच ती पुढेही करील, असे त्या साहेबांनी गृहीत धरले असावे. आणि बराच काळ गावकीने ते केलेही. पावसाळा सरला की रानमोडी तोडणे, साकवावर नवे ओंडके टाकणे, पाणंदीतील ढासळलेला गडगा पुन्हा रचणे ही कामे जत्रेच्या आधी होत. जत्रा हीच या कामाची मुदत होती. दुसरी मुदत कोणी घातलेली नव्हती.

कायद्याची मुदत मात्र निराळी आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने शेताकडे, विहिरीकडे जाणाऱ्या रूढ वाटेस झालेला अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदारास दिला. हा कायदा गरिबास सोयीचा आहे. त्यात दिवाणी दाव्याइतका खर्च नाही व कालहरणही नाही. गोव्यात १९६६ साली त्याच वळणाचा कायदा झाला व तेथील वाटांचे किती तरी तंटे त्याखाली चालले. परंतु १९०६ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. आता पाहा, कुंपण घालावयाचे ते कधी? रोपे लावण्याच्या दिवसांत, म्हणजे ज्येष्ठात. तेव्हा देवळाच्या वाटेने कोणी जात नाही. माणसे जातात ती मार्गशीर्षात, पौषात, जत्रेस. आणि तारेपाशी येऊन उभी राहतात तोवर सहा महिने उलटून गेलेले असतात. हा केवळ योगायोग असेलही. तो वारंवार घडतो एवढेच आम्ही म्हणतो.

दुसरेही एक न्यून आहे. हे सारे कायदे मुख्यतः कसणाऱ्याची चिंता वाहतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील १४३ वे कलम बांधावरून वाट देते, ती शेतात जाण्यासाठी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजना काढली, व २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्कां’त घेण्याचे ठरविले; दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. पण ज्याचे त्या शिवारात शेत नाही, जो केवळ झऱ्याचे पाणी आणावयास किंवा देवास नारळ ठेवावयास चालला आहे, त्याने काय करावे? त्याच्यासाठी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील रूढिजन्य हक्काचे कलम आहे. परंतु रूढी सिद्ध करावयाची तर पिढ्यान्‌पिढ्या चालणारी माणसे साक्षीस हवीत. वाट मोडली की आधी साक्षीदारच संपतात.

सीमाभागात याहून एक गुंता अधिक. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला व त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. चंदगडकडून बेळगाव व खानापुराकडे येणाऱ्या कित्येक वाटा अशा रीतीने मध्येच दोन राज्यांच्या दप्तरांत विभागल्या गेल्या. अर्धी वाट एका भाषेतील उताऱ्यात, अर्धी दुसऱ्या. गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटांचे १९५५ च्या सत्याग्रहानंतर असेच झाले. सीमेवरील दळणवळण तुटले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत नित्याची वहिवाट थांबली. सह्याद्रीच्या पावसात सहा पावसाळे म्हणजे वाटेला पुष्कळ झाले. पुढे मोटारीचे रस्ते झाले आणि त्या वाटांची फारशी कोणास आठवणही राहिली नाही.

ज्या राहिल्या त्या बहुधा देवकार्यामुळे. आळंदीच्या माउलींच्या पालखीपुढे धावणारे अश्व चिकोडी तालुक्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, दरसाल पायी आळंदीस जातात हे वाचकांस विदित आहेच. त्यांच्या मार्गात आज डांबरी सडकच अधिक; तरीही मुक्कामाची गावे त्यांची वाट पाहत असतात, आणि ज्याची वाट पाहिली जाते त्याची वाट सहसा कोणी अडवीत नाही.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका लहान गावी आम्ही गेलो होतो. देवराईतील देवळाची वाट बंद झाल्याची तक्रार होती. भूमापन कचेरीतून गावनकाशाची नक्कल घेतली, गावातील एका वयोवृद्ध गुरवांस बरोबर घेतले आणि तुटक रेघेवरून चालू लागलो. पाव मैलावर काजूची नवी बाग लागली; तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, त्यास साखळी. बागवाल्यास बोलाविले. आम्ही भांडणाच्या तयारीने गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पण तो गृहस्थ सज्जन निघाला. त्याने जमीन परगावच्या मालकाकडून घेतलेली. खरेदीखतात वाटेचा उल्लेख नाही. विकणाराही त्या वाटेने कधी चाललेला नसावा. उतारा आणवून पाहिला, तर ‘ब’ खराबाच्या रकान्यात तीन गुंठे स्पष्ट लिहिलेले. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, हे तीन गुंठे मी पैसे देऊन घेतले की हो!”

गुरव म्हणाले, “घेतलेस ते घेतलेस बाबा. पण देवीला कुठून नेऊ, ते सांग.”

त्याच दुपारी त्याने तारेचे दोन गाळे सोडविले आणि फाटकाऐवजी गुरे अडतील पण माणूस जाईल असे बेडे घालण्याचे कबूल केले. मार्गशीर्षात पालखी त्या वाटेने गेली. सव्वाआठ फूट काही मिळाले नाहीत. चार साडेचार फूट मिळाले, व पालखीचा दांडा वळविताना काजूच्या दोन फांद्या मोडल्या, त्याबद्दल बागवाल्याने तक्रार केली नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर रानमोडी पुन्हा पुरुषभर वाढली होती. ती तोडावयास गावातून पाच जण आले; त्यांत सर्वांत तरुण तो पंचावन्न वर्षांचा होता.