मुंबईत छापलेली चार पानं

आजचा भाग छोटा आहे, पण हेडफोन लावून ऐका.

१९५० साली स्त्रीच्या कामसुखावर एक चार पानी लेख आला. लेखक अर्न्स्ट ग्रॅफेनबर्ग, नाझी जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला गेलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. जी-स्पॉटमधला 'जी' तो हाच. आणि लेख छापला कुठे? आपल्या मुंबईत! डॉ. ए. पी. पिल्ले इथून 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' काढायचे, त्यात.

म्हणणं साधं होतं. सुखाच्या शिखरावर काही बायकांच्या मूत्रमार्गातून द्रव येतो. ती लघवी नव्हे, तिथल्या ग्रंथींचा स्राव. डच डॉक्टर रेनिअर डी ग्राफनं १६७२ मध्येच अशा ग्रंथींबद्दल लिहिलं होतं. डॉक्युमेंटेशन होतं, वाचलं कुणी नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना हे नवीन नाही! ग्रॅफेनबर्गचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. जास्त प्रमाणात येणारं पातळ पाणी मूत्राशयातून येतं, हे पुढे सोनोग्राफीत दिसलं. पण तो आजार नाही.

आता विचार करा, एकटीनं स्वतःला सुख देताना हे पहिल्यांदा घडलं, तर तेव्हाची मराठी मुलगी विचारणार कुणाला? फार तर र. धों. कर्व्यांना, पत्र लिहून. 'समाजस्वास्थ्य'मध्ये ते हस्तमैथुनाबद्दलच्या प्रश्नांनाही सरळ उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये, याच मुंबईत, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे गेले तोवर, निघत राहिलं.