न विचारलेला प्रश्न

स्त्रीला रतिसुखाची परिसीमा अनुभवास येते काय, आणि येत असल्यास ती पुरुषाच्या अनुभवासारखीच असते काय, हा वाद भारतात फार जुना आहे. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात वात्स्यायनाने तो निरनिराळ्या आचार्यांची मते देऊन मांडला आहे. औद्दालकीच्या मते स्त्रीला पुरुषाप्रमाणे तृप्ती होत नाही. बाभ्रव्याच्या अनुयायांच्या मते तिला आरंभापासून अखेरपर्यंत सुख लाभतच असते. या वादाच्या ओघात निघालेली एक अडचण मोठी मार्मिक आहे. एकाचे सुख दुसऱ्याला कळत नाही, आणि ते कसे असते हे विचारून घेण्याचीही सोय नाही! वात्स्यायनाने अखेर निवाडा दिला तो स्त्रीच्या बाजूने. सुख दोघांचे एकाच जातीचे. तेव्हा स्त्रीला ते आधी लाभेल अशा रीतीने पुरुषाने वागावे. निवाडा उदार खरा. पण या वादात कोणा स्त्रीची साक्ष काढलेली दिसत नाही.

युरोपातील शास्त्रज्ञांचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नव्हती. योनिमुखाच्या वरच्या बाजूस असलेला शिश्निका हा लहानसा अवयव स्त्रीच्या कामतृप्तीचे मुख्य केंद्र होय. त्याचा जो भाग बाहेरून दिसतो त्याहून कितीतरी मोठा भाग आत दडलेला असतो, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ कोबेल्ट याने १८४४ साली सविस्तर आकृत्या काढून दाखविले होते. परंतु हे ज्ञान मागे पडले. १९०५ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉईडने असा सिद्धांत मांडला की, वयात येताना मुलीच्या कामसंवेदनेचे केंद्र शिश्निकेकडून योनिमार्गाकडे सरकले पाहिजे. ज्या स्त्रीच्या बाबतीत ते सरकले नाही, तिच्या मनाची वाढ अपुरी राहिली असे मानले जाऊ लागले. पतीच्या सहवासात तृप्ती न लाभणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या कपाळी 'शीतल' हा शिक्का बसला तो याच काळात.

या शिक्क्याने किती अनर्थ केला, हे मारी बोनापार्त हिच्या चरित्रात दिसते. नेपोलियनच्या भावाची ही पणती. जन्म १८८२, विवाह ग्रीसच्या राजपुत्राशी. धन, कुल, बुद्धी यांपैकी कशाचीच वाण नव्हती. पण कामतृप्तीचा अनुभव मात्र तिला येत नव्हता. नशिबाला दोष देत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने २४३ स्त्रियांची माहिती मिळवली, शिश्निका आणि योनिमुख यांतील अंतराची मोजमापे जमवली, आणि १९२४ साली नार्जानी या टोपणनावाने एका वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. हे अंतर सुमारे अडीच सेंटिमीटरांपेक्षा जास्त असेल तर केवळ समागमाने तृप्ती लाभणे कठीण जाते, असा तिचा निष्कर्ष होता. स्त्रियांच्या सुखाचा विचार करताना स्त्रियांनाच विचारावे, ही त्या काळी केवढी धिटाई!

मात्र निष्कर्षावरून तिने काढलेला उपाय भयंकर होता. १९२७ साली व्हिएन्नातील हाल्बान नावाच्या शल्यविशारदाकडून तिने स्वतःवर शस्त्रक्रिया करवून घेतली, हेतू हा की ते अंतर कमी व्हावे. गुण आला नाही. १९३० आणि १९३१ साली पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. त्याही व्यर्थ गेल्या. शरीरात काही बिघाड नसता ते सुरीखाली द्यावे लागले, कारण सुख एकाच मार्गाने आले पाहिजे हा हट्ट कुणीच सोडला नव्हता, तिनेही नाही. १९२५ पासून ती फ्रॉईडची शिष्या होती, आणि १९३८ साली नाझींच्या तावडीतून त्याची सुटका करण्यात तिचा मोठा वाटा होता. स्त्रीला हवे तरी काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तीस वर्षांत सापडले नाही, असे फ्रॉईडने तिलाच बोलून दाखविल्याचे सांगतात. प्रश्न विचारावयास व्यक्ती बाकी योग्य होती!

ज्या १९२७ साली ही पहिली शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांनी कामजीवनाविषयी विचारलेल्या शंकांना त्यात उत्तरे मिळत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झालाच. मासिक मात्र १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले.

त्याच १९५३ साली अमेरिकेत आल्फ्रेड किन्झी याने ५,९४० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि फ्रॉईडच्या सिद्धांताला पहिला मोठा हादरा बसला. पाठोपाठ १९६६ साली मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून दाखविले की, उत्तेजना कोठूनही मिळो, तृप्तीच्या वेळी शरीरात घडणाऱ्या क्रिया एकच असतात. १९७० साली त्यांनी उपचारपद्धती मांडली. तीत रोगी अशी एकटी स्त्री नव्हे. पतिपत्नी दोघांनाही एकत्र बसवावयाचे. प्रारंभी समागम वर्ज्य. केवळ स्पर्श, तोही कसल्या परिणामाची अपेक्षा न ठेवता. कारण 'आता जमेल का' ही धास्तीच पुष्कळदा मुख्य अडसर असते. ज्यांना तृप्ती कधीच अनुभवास आली नाही, अशा स्त्रियांसाठी लोपिकोलो आणि लोबिट्झ यांनी १९७२ साली नऊ पायऱ्यांचा क्रम आखला. आपले शरीर आधी आपणच ओळखावे, एकांतात हस्तस्पर्शाने तृप्तीचा मार्ग शोधावा, आणि मग तो जोडीदाराला दाखवावा, असे त्याचे स्वरूप. सर्व उपायांत हा विशेष गुणकारी ठरला आहे. शिश्निकेची रचना मात्र १९९८ साली मेलबर्नच्या डॉ. हेलन ओ'कॉनेल यांना नव्याने दाखवून द्यावी लागली, कोबेल्टनंतर दीडशे वर्षांनी!

आज अशी तक्रार घेऊन स्त्री वा पुरुष आला म्हणजे जाणता डॉक्टर प्रथम विचारतो, तो प्रश्न औषधांचा. १९८० नंतर प्रचारात आलेल्या, खिन्नतेवरील काही औषधांनी दोघांचीही तृप्ती लांबते वा नाहीशी होते. मधुमेह आणि मज्जारज्जूचे विकारही तसेच करतात. अशा वेळी औषध परस्पर बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दुसरे औषध देतात, आणि बहुधा तेवढ्याने फरक पडतो.