दासोपंतांची पासोडी : कापडावर मांडलेले तत्त्वज्ञान

अंबाजोगाईच्या दासोपंतांचे (१५५१–१६१५) नाव निघाले की आधी सव्वा लाख ओव्यांच्या ‘गीतार्णवा’चा विस्तार सांगितला जातो आणि पासोडीचा उल्लेख शेवटी, एक नवल म्हणून येतो. हा क्रम उलटायला हवा. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद जाड कापडावर, म्हणजे या पासोडीवर, त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले : सुमारे १६०० ओव्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या, चित्रे. एकनाथांचा हा समकालीन दत्तभक्त डोळ्यांना दाखवून शिकवणारा चित्रकार-गुरू होता, आणि या गोष्टीचा पुरावा बीड जिल्ह्यातल्या याच वस्त्रावर आहे.

मुळात विषयच तसा आहे. पंचमहाभूते एकमेकांत कशी मिसळतात, याचा हिशेब म्हणजे पंचीकरण. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा वाटा त्याचा स्वतःचा. बाकीच्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. या मिश्रणातून देहाची पंचवीस तत्त्वे निघतात : अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम ही पृथ्वीची, भूक, तहान, निद्रा, आळस ही तेजाकडची. नुसते ऐकताना पुढचे नाव येईपर्यंत मागचे निसटते, आणि पोथीत पान उलटले की आधीचे झाकले जाते. पसरलेल्या कापडावर मात्र कोणते तत्त्व कुठून आले, हे साधकाला बोट ठेवून शोधता येते. ज्या शास्त्राचा गाभाच कोष्टकाचा आहे, त्याला असा पट लाभणे हा योगायोग मानता येत नाही.

कागदाच्या टंचाईमुळे कापड वापरले असेल, अशी शंका कोणी घेईल. पण ‘गीतार्णवा’एवढा ग्रंथ रचणाऱ्याला लेखनसामग्रीची वाण होती, हे पटत नाही, शिवाय दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनत होता. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : आकृत्या काढल्या म्हणून माणूस चित्रकार ठरतो का? दरबारी लघुचित्राचे माप लावले तर नाही ठरत. परंतु गुजरात-राजस्थानच्या जैन परंपरेतले अढाईद्वीपाचे विश्वपट आपण कलेच्या इतिहासात मोजतो. तिथेही अर्थ रेषेने आणि जागेने सांगितला जातो, सौंदर्य त्या मागोमाग येते. मग हाच न्याय पासोडीला का नको? तिला भक्तीने केलेले अवाढव्य लेखन एवढेच म्हणणाऱ्यांनी ओव्यांच्या जोडीला आकृत्या कशाला, याचे उत्तर द्यावे.

न. शे. पोहनेरकरांनी पासोडीची संहिता संपादित करून अभ्यासकांची मोठी सोय केली. आता मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि कलाशाळांनी तिच्या एकेका आकृतीचा, त्या त्या ओवीशेजारी ठेवून, अभ्यास हाती घ्यावा.