खानदेशातील मोहाच्या दारूचा ऱ्हास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मद्यपानाच्या इतिहासाकडे मराठी इतिहासलेखनाने बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी सरकारी महसुलाची, तर दुसरी दारूबंदीच्या चळवळीची. या दोहोंमध्ये पेय स्वतः हरवते. ते कशाचे बनत होते, कोण बनवीत होते, कोणत्या प्रसंगी पीत होते आणि ते मागे का पडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत निबंधात खानदेशातील मोहाच्या दारूच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तोच प्रदेश आज जळगाव, धुळे आणि १९९८ पासून नंदुरबार या तीन जिल्ह्यांत विभागलेला आहे.

मोहाचे झाड सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आढळते. चैत्राच्या सुमारास त्याची मांसल, गोड फुले रात्री गळून पडतात व पहाटे वेचली जातात. उन्हात वाळविली की ती वर्षभर टिकतात. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांसाठी हे फूल प्रथम अन्न होते आणि नंतर दारू. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या काळात अनेक घरांना त्याचाच आधार होता. वाळलेली फुले पाण्यात आंबवून, मडक्यावर मडके ठेवून, बांबूच्या नळीने वाफ थंड करून दारू गाळली जाई. त्यासाठी लागणारी भांडी घरातलीच असत. देवाला आणि पितरांना धार टाकल्याखेरीज ती पिण्याची रीत नव्हती. लग्न ठरणे, तंटा मिटणे, पावरा समाजातील इंदल हा सण, मृताचे दिवस अशा प्रसंगी तिला स्थान होते. ती विकत घेण्याची वस्तू नव्हती, हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अबकारी कायदा आणि गुत्ता

इंग्रजी अमलाच्या आरंभी दारूच्या विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जात. डोंगराळ भागात सरकारची पकड सैल असल्याने घरोघरच्या गाळपावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. खरा बदल घडविला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. परवान्याशिवाय दारू गाळणे हा या कायद्यान्वये गुन्हा ठरला. गाळप मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटावे, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या दारूवर तिच्या तीव्रतेनुसार कर घ्यावा आणि विक्री परवानाधारक दुकानांतूनच व्हावी, असे सरकारचे धोरण होते. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या धोरणाचा प्रमुख सूत्रधार होता. दुर्गम टापूंत स्थानिक भट्ट्या काही काळ चालू राहिल्या, परंतु दिशा निश्चित झाली होती. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांच्या साठ्यावरच नियंत्रण आणणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. तो प्रथम ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना लागू झाला. अंगणात वाळत घातलेले फूल पुराव्याची वस्तू होऊ शकते, ही कल्पना येथून पुढे प्रशासनात रुजली.

डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातविषयी दाखविलेली गोष्ट खानदेशालाही लागू पडते असे वाटते. घरची दारू सौम्य असे, तर दुकानातील दारू तीव्र आणि महाग होती. तिच्यासाठी रोख पैसा लागे, रोख नसल्यास उधारी आणि उधारीपोटी धान्य वा जमीन. पिणारा तोच होता आणि फूलही पुष्कळदा तेच होते. बदलला होता तो व्यवहार.

याच सुमारास इंग्लंडमध्येही एका पेयाचा ऱ्हास होत होता. हिंदुस्थानात पाठविण्यासाठी गाजलेली, बाटलीबंद, कडू आणि तीव्र पेल एल बिअर हळूहळू मागे पडली. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून तो आंबवायच्या द्रवाच्या घनतेवर बसविला आणि पहिल्या महायुद्धातील करवाढ व निर्बंधांनी बिअर अधिकच सौम्य झाली. करपद्धती पेयाचे रूप बदलते, हे दोन्हीकडे सारखेच. फरक असा की बर्टनच्या बिअर उत्पादकाला आपली बिअर सौम्य करून धंदा चालू ठेवता आला. अक्राणीच्या पावऱ्याला मात्र आपले मडके लपविणे किंवा फोडणे एवढेच पर्याय होते.

गुला महाराज आणि आप चळवळ

या पार्श्वभूमीवर आदिवासींच्या मद्यत्यागाच्या चळवळींचा अर्थ लावावा लागतो. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ १९२२ मध्ये डांग व सुरत भागांत, म्हणजे खानदेशच्या सीमेपर्यंत पसरली. देवी अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून दारू व मांस सोडण्याच्या आज्ञा दिल्या जात. पश्चिम खानदेशात याहून खोल ठसा उमटला तो तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुला महाराज यांच्या चळवळीचा. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्या आरतीसाठी आदिवासींचे मोठे समुदाय जमू लागले. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून संबोधावे, हा त्यांचा उपदेश. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले व बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले.

या चळवळीकडे केवळ संस्कृतीकरण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वरच्या जातींचे आचार स्वीकारून प्रतिष्ठा मिळविणे हा तिचा एक भाग होता, हे नाकारता येणार नाही. पण ज्याला सावकार, मक्तेदार आणि शिपाई एकेरीत हाक मारीत, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणणे आणि त्याच वेळी गुत्त्याकडे पाठ फिरविणे, यांतील संबंध संस्कृतीकरणाच्या चौकटीत पुरेसा उलगडत नाही. दारू सोडल्याने गुत्तेदाराचा गल्ला आणि सावकाराची वही या दोहोंना एकदम धक्का बसत होता. अर्थात या त्यागात पितरांना वाहिली जाणारी घरची दारूही गेली. चळवळीने दोन दारूंमध्ये भेद केला नाही, आणि ही किंमत तिच्या अभ्यासकांनी फारशी मोजलेली नाही.

दारूबंदी व त्यानंतर

भेद न करण्याची हीच वृत्ती स्वतंत्र राज्याच्या कायद्यात कायम राहिली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. पूर्वीचा हेतू महसूल होता, आताचा नैतिक. परंतु मोहाच्या फुलांवरील नियंत्रण आणि घरच्या गाळपाला गुन्हा मानणे या बाबी तशाच राहिल्या. पुढे १९६० च्या दशकात बंदी शिथिल झाली. परवान्याच्या दुकानात आली ती मुख्यतः मळीपासून बनलेली देशी दारू, म्हणजे उसाच्या कारखानदारीचे उपउत्पादन. मोहाला त्या दुकानात जागा मिळाली नाही. तो हातभट्टीत गेला आणि तेथे अनेकदा गुळाची व नवसागराची भर पडून त्याचे मूळ रूपही उरले नाही.

शहादा भागात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. मजुरीच्या लढ्याने हाती आलेला पैसा भट्टीवर जातो आणि घरी मारहाण होते, हे त्यांचे म्हणणे होते. ज्या मडक्यावर कधी घरातील बाईचीच देखरेख असे, ते तिच्याविरुद्ध जाण्यास शंभर वर्षेही लागली नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. परवान्यावाचून घरी दारू गाळणे मात्र १९४९ च्या कायद्यान्वये गुन्हाच राहिले.